विहिरीवरच्या मोटारीतला 'पिंजरा' घडवणारा माणूस : मिखाईल दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की

स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की विहिरीवरची मोटार सुरू होते आणि पाच-दहा सेकंदांत पाइपातून पाणी पडू लागते. मोटार बंद पडली की आपण वायरमनला बोलावतो, वायंडिंग जळाले का, बेअरिंग गेले का, एवढेच विचारतो. पण मोटारीच्या पोटात जो भाग प्रत्यक्ष फिरतो, त्या रोटरकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्याला बाहेरून वीज जोडलेली नसते. त्यावर कार्बन ब्रश नसतात, गुंडाळलेली तारही नसते. लोखंडी पत्र्यांचा एक गठ्ठा, त्यात बसवलेल्या तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या आणि दोन्ही टोकांना त्या सळ्या जोडणाऱ्या दोन कड्या, एवढेच त्याचे रूप.

हा साधा दिसणारा भाग ज्याने घडवला, त्याची ही गोष्ट. ती वाचली की आपली मोटार वीज जास्त का खाते, कमी व्होल्टेजला का तापते आणि रिवाइंडिंगच्या वेळी कोणत्या गोष्टीला ठाम नकार द्यायचा, हेही उलगडत जाईल.

कॉलेजातून काढलेला विद्यार्थी

मिखाईल दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांचा जन्म जानेवारी १८६२ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गजवळच्या गातचिना या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात राहायला गेले. तिथे शाळा पूर्ण करून १८७८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी रिगा येथील पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला.

शिक्षण सुरू असतानाच १८८१ मध्ये रशियाचा सम्राट दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर सरकारने विद्यार्थ्यांवर करडी नजर ठेवली. सरकारविरोधी चळवळीत भाग घेतल्याच्या कारणावरून दोब्रोव्होल्स्की यांना पॉलिटेक्निकमधून काढून टाकण्यात आले. अशा विद्यार्थ्याला रशियात दुसरीकडे उच्च शिक्षण घेण्याची वाटही बंद होती. वय अवघे १९.

त्यांनी जर्मनी गाठली. तिथल्या डार्मस्टाट शहरातील तंत्रशिक्षण संस्थेत १८८२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचे स्वतंत्र अध्यासन सुरू झाले होते. जगात असे अध्यासन तेव्हा नव्यानेच निर्माण होत होते. एरास्मस किटलर हे तिथे प्राध्यापक होते. दोब्रोव्होल्स्की त्यांचे विद्यार्थी झाले, नंतर सहायकही झाले. १८८७ मध्ये बर्लिनच्या एईजी या वीज कंपनीने त्यांना नोकरी दिली. मधली काही वर्षे सोडली, तर पुढचे आयुष्य त्यांनी याच कंपनीत काढले.

५० टक्क्यांची भिंत

त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारी डीसी प्रवाहाच्या होत्या. त्यांना ब्रश लागत, ठिणग्या पडत, धूळ-ओल चालत नसे. शिवाय डीसी वीज कमी व्होल्टेजची असल्याने वीजघरापासून काही किलोमीटरपलीकडे नेणे परवडत नसे. म्हणजे नदीवर धरण असले, तरी त्याची वीज दूरच्या गावाला उपयोगाची नव्हती.

मार्च १८८८ मध्ये इटलीतील तुरिनचे प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एसी प्रवाह दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून थोडा मागेपुढे करून सोडला, तर त्यांच्यामध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यात ठेवलेला तांब्याचा नळकांडीसारखा तुकडा आपोआप फिरू लागतो, हे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत निकोला टेस्ला यांना अशाच तत्त्वावरील मोटारींची पेटंट मिळाली. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले होते.

पण फेरारिस यांनी हिशेब करून एक निराशाजनक निष्कर्ष काढला. अशा मोटारीची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाणार नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. निम्मी वीज उष्णतेतच जाणार असेल, तर अशी मोटार कोण घेणार? ती प्रयोगशाळेपुरती ठीक, असे त्यांचे मत झाले.

दोब्रोव्होल्स्की यांनी हा निबंध वाचला आणि चूक कुठे आहे ते त्यांच्या लक्षात आले. ही चूक समजून घेणे तुमच्याही फायद्याचे आहे, कारण तिचा संबंध थेट तुमच्या वीजबिलाशी आहे.

मोटारीतील चुंबकीय क्षेत्र ठरावीक वेगाने फिरते. रोटर त्याच्या मागे धावतो, पण त्याला कधीच गाठत नाही. गाठले तर रोटरच्या सळ्यांत प्रवाहच निर्माण होणार नाही आणि ओढही राहणार नाही. रोटर जितका मागे पडतो, त्याला स्लिप म्हणतात. नियम असा, की स्टेटरकडून रोटरला जेवढी ताकद मिळते, तिचा स्लिपच्या टक्केवारीइतका भाग रोटरमध्येच उष्णता होऊन जातो. स्लिप ४ टक्के असेल तर ४ टक्के, १० टक्के असेल तर १० टक्के.

फेरारिस यांचा तांब्याचा तुकडा सर्वांत जास्त ताकद देत होता तो निम्म्या वेगाला, म्हणजे ५० टक्के स्लिपला. तिथे निम्मी ताकद जळणारच. त्यांनी जास्तीत जास्त ताकदीचा बिंदू धरला आणि तोच मोटारीचा शेवटचा टप्पा मानला. दोब्रोव्होल्स्की यांचा विचार वेगळा होता. रोटरमधील विजेचा रोध खूप कमी केला, तर थोड्याशा स्लिपलाही भरपूर प्रवाह वाहील आणि पूर्ण ताकद मिळेल. मग उष्णतेत जाणारा वाटा आपोआप लहान होईल. दोष फिरत्या क्षेत्राचा नव्हता, रोटरच्या रचनेचा होता.

लोखंड आणि तांबे, दोघांना आपापले काम

आता प्रश्न होता रोध कमी कसा करायचा. तांबे वीज चांगली वाहते, पण चुंबकीय क्षेत्राला त्यातून जाणे जड जाते. लोखंडाचे उलटे आहे. नुसते तांबे घेतले तर क्षेत्र दुबळे, नुसते लोखंड घेतले तर प्रवाह दुबळा. दोब्रोव्होल्स्की यांनी लोखंडाचा दंडगोल घेतला, त्याच्या कडेने लांबीच्या दिशेने भोके पाडली, त्यांत तांब्याच्या सळ्या घातल्या आणि दोन्ही टोकांना त्या तांब्यानेच एकमेकींना जोडल्या. क्षेत्रासाठी लोखंड, प्रवाहासाठी तांबे. लोखंड काढून टाकल्याची कल्पना केली, तर उरलेला तांब्याचा सांगाडा खारीला पळायला ठेवतात त्या फिरत्या पिंजऱ्यासारखा दिसतो. म्हणून कारागीर आजही त्याला स्क्विरल केज रोटर म्हणतात. मार्च १८८९ च्या तारखेने या रचनेला जर्मन पेटंट मिळाले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

दुसरी गोष्ट तीन फेजची. फेरारिस आणि टेस्ला यांनी मुख्यतः दोन फेजवर काम केले होते. दोब्रोव्होल्स्की यांनी १२० अंशांच्या अंतराने तीन प्रवाह घेतले. या तीन प्रवाहांची कोणत्याही क्षणी बेरीज शून्य येते, त्यामुळे तीन वेटोळ्यांना सहा तारा ओढाव्या लागत नाहीत, तीन पुरतात. क्षेत्रही जास्त एकसारखे फिरते. तुमच्या डीपीवरून मोटारीकडे तीनच तारा येतात, त्यामागे हे गणित आहे. तीन फेजचा ट्रान्सफॉर्मरही त्यांनी त्याच सुमारास तयार केला.

चालू होताना अडचण

लहान मोटार छान चालली. मोठी बनवायला घेतली तेव्हा नवी अडचण आली. रोटरचा रोध कमी ठेवला की चालताना मोटार काटकसरी होते, पण सुरू होताना खूप प्रवाह ओढते आणि त्या मानाने ओढ कमी देते. रोध वाढवला तर सुरुवात जोरदार होते, पण चालताना वीज वाया जाते. एका रोटरकडून दोन्ही कसे मिळवायचे?

त्यांनी दोन उपाय काढले. पहिला, रोटरवर तार गुंडाळून तिची टोके कड्यांवाटे बाहेर आणायची. सुरू करताना बाहेरून रोध जोडायचा आणि वेग आला की काढून टाकायचा. यालाच आपण स्लिप रिंग मोटार म्हणतो. दुसरा उपाय, रोटरमध्ये एकाऐवजी दोन पिंजरे ठेवायचे. सुरू होताना रोटरमधील प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो आणि तो बाहेरच्या, जास्त रोधाच्या पिंजऱ्यातून जातो. वेग आला की ४ टक्के स्लिपला तोच प्रवाह सेकंदाला फक्त चारदा दिशा बदलतो आणि आतल्या, कमी रोधाच्या पिंजऱ्यातून सहज वाहतो. कुठलाही स्विच न लावता रोटर स्वतःच आपला स्वभाव बदलतो. आज खोल खाचांच्या सळ्या वापरून हाच परिणाम मिळवतात.

तुमच्यासाठी यातला अर्थ असा. सेंट्रिफ्युगल पंपाला सुरू होताना भार हलका असतो, वेग वाढेल तसा तो वाढतो. म्हणून पंपाच्या मोटारीला कमी रोधाचा रोटर योग्य. कडबा कुट्टी, पिठाची गिरणी किंवा गुऱ्हाळाचा चरक यांना सुरुवातीलाच जोर लागतो. त्यामुळे एका कामाची मोटार दुसऱ्याला लावताना एचपी जुळला म्हणजे सगळे जुळले, असे समजू नका.

१८९१ : १७५ किलोमीटरवरून आलेल्या विजेने पाणी उचलले

१८९१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात विजेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. डीसी चांगला की एसी, हा वाद तेव्हा ऐरणीवर होता. प्रदर्शनाचे प्रमुख ओस्कार फॉन मिलर यांनी धाडसी प्रस्ताव मांडला. नेकार नदीवर लाउफेन येथे सिमेंट कारखान्याचे जलयंत्र होते. तिथून फ्रँकफुर्टपर्यंत, सुमारे १७५ किलोमीटर वीज आणायची. हे अंतर पुणे-मुंबईपेक्षाही थोडे जास्त. एवढ्या लांब वीज पोहोचेपर्यंत तिच्यातले किती उरेल, याबद्दल अनेक जाणकारांना शंका होती.

लाउफेनचा जनित्र स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कंपनीत चार्ल्स ब्राउन यांनी बनवला. मोटार आणि ट्रान्सफॉर्मरची मोठी जबाबदारी एईजीतर्फे दोब्रोव्होल्स्की यांच्यावर होती. अपयश आले असते, तर तीन फेजची कल्पनाच कित्येक वर्षे मागे पडली असती. ऑगस्ट १८९१ च्या शेवटी सुमारे १५,००० व्होल्टने वीज निघाली. फक्त ४ मिलिमीटर जाडीच्या तीन तांब्याच्या तारांतून ती फ्रँकफुर्टला पोहोचली. मोजमाप केल्यावर कळले, की सुमारे ७५ टक्के ताकद शेवटपर्यंत पोहोचत होती.

त्या विजेवर प्रदर्शनात सुमारे १,००० दिवे लागले. आणि १०० एचपीच्या तीन फेज मोटारीने पंप चालवून सुमारे १० मीटर उंचीचा कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. दूरच्या नदीच्या पाण्याने तयार झालेली वीज इथे पुन्हा पाणी उचलत होती. आज तुमच्या शेतात रोज जे घडते, तेच तिथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांनी पाहिले. प्रदर्शन संपल्यावर १८९२ मध्ये लाउफेनची वीज जवळच्या हाइलब्रॉन शहराला मिळू लागली.

श्रेय कोणाचे, यावर पुढे बरेच वाद झाले. फिरत्या क्षेत्राची कल्पना फेरारिस आणि टेस्ला यांची, हे खरे. पण आज ज्या रूपात ही मोटार शेतोशेती फिरते, ती तीन फेजची, पिंजरा रोटरची रचना दोब्रोव्होल्स्की यांच्या कामातून उभी राहिली.

शेवटची वर्षे आणि चंद्रपूरची तार

ज्या देशाने कॉलेजातून काढले, त्याच देशातून पुढे सेंट पीटर्सबर्गच्या नव्या पॉलिटेक्निकमध्ये विभागप्रमुख होण्याचे बोलावणे आले. एईजीशी असलेल्या कराराने बांधलेले असल्यामुळे त्यांना ते स्वीकारता आले नाही. काही वर्षे ते स्वित्झर्लंडमध्ये राहिले, तिथले नागरिकत्व घेतले आणि पुन्हा कंपनीत परतले. १९११ मध्ये डार्मस्टाटच्या संस्थेने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी एक अनपेक्षित मत मांडले. ज्या एसी विजेसाठी त्यांनी उमेद घालवली, तिलाच मर्यादा आहेत, फार लांबच्या अंतरासाठी उच्च दाबाची डीसी वाहिनीच योग्य ठरेल, असे त्यांनी सांगितले. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी हायडेलबर्ग येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५७ होते. त्यांना डार्मस्टाट येथे दफन करण्यात आले.

त्यांचे ते म्हणणे खरे ठरले. आपल्याच राज्यात चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी १९९९ पासून वीज वाहते आहे. पडघ्याला तिचे पुन्हा तीन फेज एसी होते.

तुमच्या मोटारीसाठी यातून काय घ्यायचे?

मोटारीच्या पाटीवर २८८० आरपीएम लिहिलेले असते. ५० सायकलच्या विजेवर दोन पोलच्या मोटारीचे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते. म्हणजे १२० फेऱ्यांची, ४ टक्के स्लिप. चार पोलच्या मोटारीवर १४४० असते, तिथेही १५०० च्या मानाने ४ टक्केच. व्होल्टेज आणि हेड नेहमीचे असताना मोनोब्लॉकचा वेग २८०० पर्यंत उतरला, तर स्लिप पावणेसात टक्क्यांच्या आसपास गेली. तो फरक तुमच्या खर्चाने रोटर तापवतो आहे.

कमी व्होल्टेजलाही हेच होते. मोटारीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ४१५ व्होल्टऐवजी ३३२ व्होल्ट, म्हणजे ८० टक्के मिळाले, तर ओढ ६४ टक्केच राहते. तोच भार ओढायला रोटर जास्त मागे पडतो, स्लिप ४ वरून ६ टक्क्यांच्या पुढे जाते, प्रवाह वाढतो आणि वायंडिंग जळते. आपण म्हणतो मोटार खराब निघाली.

आता घरचा अनुभव सांगतो. आमच्या विहिरीवरची ५ एचपीची मोटार ऐन उन्हाळ्यात अडकली. बेअरिंग झिजून रोटर स्टेटरला घासला होता. दुरुस्ती करणाऱ्याने वायंडिंग भरले आणि रोटर लेथवर घेऊन थोडा 'साफ' केला. मोटार चालू झाली, पण व्हॉल्व्ह बंद ठेवला तरी अ‍ॅम्पिअर पूर्वीपेक्षा जास्त. महिन्याभरात पुन्हा जळाली आणि फुलोऱ्यातल्या भुईमुगाचे पाणी चुकले. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, पिकाच्या मुळाचे सगळे ठाऊक, पण घरच्या मोटारीच्या रोटरचे नव्हते. रोटर आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या काही अंशांची असते. ती वाढली की क्षेत्र टिकवायलाच जास्त प्रवाह लागतो आणि पॉवर फॅक्टर पडतो. शिवाय लेथच्या पात्याने पत्र्यांच्या कडा एकमेकांत मिसळतात आणि लोखंडातील उष्णता वाढते.

मोटार घेताना आणि दुरुस्त करताना हे लक्षात ठेवा :

• पाटीवरील कार्यक्षमता, आरपीएम आणि पूर्ण भाराचा प्रवाह वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर प्रवाह आणि वेग पुन्हा मोजून घ्या.

• ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. ८० टक्के कार्यक्षमतेच्या मोटारीला पूर्ण भारावर सुमारे ४.६६, तर ८६ टक्के कार्यक्षमतेच्या मोटारीला सुमारे ४.३४ किलोवॅट वीज लागते. हजार तास चालवली तर फरक साधारण ३२५ युनिटचा. किमतीतील फरक या हिशेबाशी ताडून पाहा.

• अ‍ॅल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते. तांब्याच्या सळ्यांचा रोटर महाग असतो, पण चालताना कमी तापतो. वर्षात खूप तास चालणाऱ्या बोअरसाठी विचारून घ्या.

• रोटर लेथवर घ्यायला परवानगी देऊ नका. घासला असेल तर आधी बेअरिंग आणि शाफ्ट तपासा.

• मोटार घुमते, अ‍ॅमीटरचा काटा सतत मागेपुढे हलतो, वेग कमी आहे आणि वायंडिंग मात्र ठीक आहे, अशा वेळी रोटरची सळी तुटली किंवा टोकाच्या कडीपासून सुटली असण्याची शक्यता धरा. नुसते रिवाइंडिंग करून ती मोटार पुन्हा जळेल.

• रोटरच्या खाचा थोड्या तिरप्या दिसल्या तर तो दोष समजू नका. आवाज कमी व्हावा आणि सुरू होताना रोटर अडकू नये, म्हणून त्या तशाच ठेवतात.

• एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजवर मोटार चालत राहू देऊ नका. पॅनेलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि योग्य प्रवाहाला लावलेला ओव्हरलोड रिले असू द्या.

कृषी सहायक मित्रांनी गावातील बैठकीत पाण्याच्या पाळ्यांबरोबर मोटारीच्या पाटीचाही विषय घ्यावा. आणि तुम्ही पुढच्या वेळी मोटार उघडलेली पाहाल, तेव्हा वायंडिंगबरोबर बाजूला ठेवलेला रोटरही हातात घ्या, त्याच्या दोन्ही कड्या नीट पाहा आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्याविषयी दोन प्रश्न विचारा.